शाळकरी मुलांनी वजन उचलावे का? आई-वडील आणि क्रीडाशिक्षकांसाठी माहिती

दहावीची परीक्षा संपली की नांदेड आणि लातूरच्या जिममध्ये नव्या मुलांची गर्दी होते. कोणाला पुढे पोलीस भरती किंवा अग्निवीरची तयारी करायची असते, कोणी कबड्डी किंवा कुस्ती खेळत असतो, तर कोणाला फक्त शर्टाची बाही दंडावर घट्ट बसावी असे वाटत असते. त्याच दिवसांत आई-वडील आम्हाला हमखास विचारतात, "डॉक्टर, वजन उचलल्यानं पोराची उंची खुंटेल का हो?"

याच दिवसांत दुसऱ्या प्रकारची मुलेही येतात. पहिल्याच दिवशी मित्राशी पैज लावून त्यांनी शे-दीडशे बैठका मारलेल्या असतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरता येत नाही. उंचीची भीती बहुतांशी निराधार आहे. घाईची भीती मात्र खरी आहे, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून या लेखात दोन्हींबद्दल सांगितले आहे.

थोडक्यात

- योग्य पद्धतीने आणि जाणकाराच्या नजरेखाली केलेला वजनाचा व्यायाम शाळकरी मुला-मुलींसाठी सुरक्षित आहे. त्याने उंची खुंटत नाही.
- आधी हालचाल शिकायची, मग वजन वाढवायचे. पहिला महिना जवळजवळ बिनवजनाचा असावा.
- आठवड्यातून दोन ते तीन दिवस पुरतात. दोन दिवसांच्या मध्ये किमान एक दिवस विश्रांती हवी.
- जास्तीत जास्त किती उचलता येते, ही पैज या वयात लावू नये.
- व्यायामानंतर लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

उंची खुंटते का?

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीने वाढते ते इथूनच. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ वर्षांच्या सुमारास या पट्ट्यांचे हाडात रूपांतर होते आणि उंची वाढणे थांबते. ही पट्टी आजूबाजूच्या हाडापेक्षा नाजूक असते, त्यामुळे ती दबली तर वाढ थांबेल, अशी समजूत पसरली.

प्रत्यक्षात देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या मुलांच्या अभ्यासांत उंची कमी झाल्याचे दिसलेले नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये हीच भूमिका पुन्हा मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना तर ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, असे सांगतात.

ग्रोथ प्लेटला इजा होऊच शकत नाही, असे मात्र नाही. मूल झाडावरून किंवा गाडीवरून पडले तर ती होते, आणि न पेलणारे वजन झटक्याने उचलताना तोल गेला तरी होऊ शकते. अशा वेळी कारण असते पडणे, झटका किंवा चुकीची पद्धत.

आपल्याकडची एक गंमतही पाहा. सुगीच्या दिवसांत नववी-दहावीतला मुलगा सोयाबीनचे पोते पाठीवर घेतो, मुली लांबून पाण्याच्या घागरी आणतात. तेव्हा उंचीची काळजी कोणालाच वाटत नाही. तोच मुलगा दोन किलोचे डंबेल हातात घेतो तेव्हा वाटते. खरे तर वाकलेल्या पाठीने झटक्यात उचललेले पोते जास्त धोक्याचे. वजन उचलण्याची पद्धत शिकलेले मूल शेतातही पाठ सांभाळते.

उंचीची काळजी असेल तर पुरेसे जेवण, झोप आणि जुनाट आजारांवरचे उपचार याकडे लक्ष द्यावे. उंची खरोखर खुंटते ती यांच्या अभावाने.

फायदा काय होतो?

पहिल्या आठ-दहा आठवड्यांत मुलाची ताकद चांगली वाढते, पण दंड फारसे फुगलेले दिसत नाहीत. कारण सुरुवातीला बदल मज्जासंस्थेत होतो. मेंदू स्नायूंना अधिक नेमका आणि एकत्रित आदेश देऊ लागतो. वयात येण्यापूर्वी तर ताकद मुख्यतः अशीच वाढते. "महिना झाला, बॉडी दिसत नाही" म्हणून वजन दुप्पट करणाऱ्या किंवा पावडरच्या दुकानात जाणाऱ्या मुलाला हे नीट समजावून सांगावे.

हाडांनाही फायदा होतो. आयुष्यभर पुरणारी हाडांची घनता बहुतांशी विशीपर्यंत साठवली जाते आणि भार पडला की हाड घट्ट होते. शिवाय खेळातल्या दुखापती कमी होतात, वजन आटोक्यात राहते आणि झोप सुधारते. लातूरमध्ये नीटच्या तयारीसाठी दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीत बसणाऱ्या मुलांना मान-पाठदुखीसाठी गोळीपेक्षा आठवड्यातून तीनदा वीस मिनिटांचा असा व्यायाम अधिक उपयोगी पडतो. त्यासाठी वसतिगृहाची खोली आणि पुस्तकांनी भरलेले दप्तर पुरते.

दुखापत कशी होते?

कारणे मोजकीच आहेत आणि बहुतेक टाळता येतात.

*अपघात.* प्लेट पायावर पडणे, रॅकमध्ये बोट चेमटणे. लहान मुलांच्या दुखापतींत याच सर्वात जास्त असतात. चपला घालून किंवा अनवाणी जिममध्ये जाऊ देऊ नये. मोकळ्या प्लेटा जागेवर ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

*पैज.* "मी चाळीस मारले, तू पन्नास मार." सांगलीचा संकेत सरगर याचे उदाहरण मुलांना जरूर सांगा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो वजनगटात त्याने एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक एका किलोने हुकले. सुवर्णासाठीच्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली. वर्षानुवर्षे प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या खेळाडूलाही क्षमतेच्या टोकावर इजा होऊ शकते. तिथे त्याच्यासमोर देशासाठीचे पदक होते. दहावीतल्या मुलासमोर मोबाइलवरच्या रीलशिवाय काय असते?

*वाढीचा झपाटा.* मुलींमध्ये ११-१२ आणि मुलांमध्ये १३-१४ वर्षांच्या आसपास उंची एकदम वाढते. हाडे आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. त्या काळात अंग आखडते, तोल बिघडतो, गुडघ्याखालचे हाड दुखते. पँट सहा महिन्यांत आखूड झाली असेल तर वजन वाढवणे थोडे थांबवून पद्धतीवर भर द्यावा.

*पहिल्या दिवसाचा अतिरेक.* याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे, कारण सर्वात गंभीर धोका इथेच आहे.

सुरू करण्याआधी कोणी तपासणी करावी?

निरोगी मुलाला महागड्या तपासण्यांची गरज नसते. पुढीलपैकी काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना भेटावे:

- जन्मजात हृदयविकार, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार किंवा वाढलेला रक्तदाब
- पळताना किंवा व्यायाम करताना छातीत दुखणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे
- घरात कोणाचा कमी वयात अचानक मृत्यू
- फिट येणे, आटोक्यात नसलेला दमा, मधुमेह
- पूर्वी कर्करोगासाठी केमोथेरपी झालेली असणे
- कुटुंबात सिकलसेल असणे. किनवट-माहूर भागातील आदिवासी कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावे. सिकलसेलचे फक्त वाहक असलेल्या मुलालाही उन्हात, पाण्याशिवाय केलेला अतिश्रम घातक ठरू शकतो.

मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन अवश्य तपासावे. महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी अर्ध्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर मुलगी लवकर दमते आणि घरचे म्हणतात, "तिला झेपत नाही." आधी रक्तक्षयावर उपचार घ्यावेत. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी लोहगोळी टाकून देऊ नये.

शिकवायचे कसे?

जुन्या तालमीत नव्या पोराला वस्ताद लगेच जोडीला लावत नसत. आधी आखाडा खणणे, जोर, बैठका, मग हळूहळू डाव. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातून कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत गेलेले रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार याच परंपरेतले. आजचे वैद्यकशास्त्रही हाच क्रम सांगते.

*पायरी १ : पहिले चार आठवडे, सहा हालचाली*

१. बैठक (स्क्वॉट) : पाय खांद्याइतके फाकलेले, टाचा जमिनीवर, छाती समोर. मागे स्टूल ठेवून त्यावर बसून उठायला लावावे. गुडघे आत वळू देऊ नयेत.

२. कमरेतून वाकणे : पाठीला काठी लावावी. डोके, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली ठेवून नितंब मागे न्यावेत. जमिनीवरून पोते, घागर किंवा रॉड उचलण्याचे मूळ हेच.

३. ढकलणे : जोर किंवा पुशअप. जमत नसेल तर भिंतीवर, मग बाकावर, मग जमिनीवर.

४. ओढणे : दप्तर किंवा डंबेल कमरेकडे ओढणे, किंवा बारला लटकणे.

५. डोक्यावर नेणे : हलकी काठी दोन्ही हातांनी वर. कमरेला बाक येऊ देऊ नये.

६. उचलून चालणे : दोन्ही हातांत समान वजन घेऊन ताठ चालणे.

प्रत्येक हालचालीच्या १० ते १५ आवृत्त्यांचे एक किंवा दोन सेट पुरतात. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे अंग गरम करावे : हलके पळणे, हातपाय फिरवणे, दोन-चार सूर्यनमस्कार. श्वास रोखून धरू नये. मुलांना मोठ्याने आकडे मोजायला लावले की श्वास आपोआप चालू राहतो.

*पायरी २ : वजन कधी घ्यायचे?*

सलग दोन दिवशी १५ आवृत्त्या, शेवटच्या आवृत्तीपर्यंत पद्धत न बिघडता जमल्या की थोडे वजन द्यावे. पुढची प्रत्येक वाढ ५ ते १० टक्क्यांचीच असावी. आणखी दोन-तीन आवृत्त्या जमतील असे वाटत असतानाच सेट थांबवावा.

इथे एक चूक वारंवार होते. "रिकाम्या रॉडनं सुरू कर," असे सांगितले जाते. जिममधला मोठा रॉड प्लेटांशिवायही २० किलोचा असतो. ४० किलोच्या मुलासाठी ते त्याच्या निम्मे वजन झाले. त्याऐवजी काठी, मग पाण्याच्या बाटल्या, मग बादली वापरावी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे खेड्यातल्या शाळेतही अगदी बारीक मापाने वजन वाढवता येते. बादली अर्धी भरा, पुढच्या आठवड्यात अर्धा लिटर वाढवा.

*पायरी ३ : पन्नास मुले, एक सर*

सुरुवातीला एका शिक्षकामागे दहाहून अधिक मुले नसावीत. पण आपल्या शाळांत पीटीच्या तासाला पन्नास मुले असतात. अशा वेळी पाच गट करावेत. चार गटांना पळणे, दोरीच्या उड्या, लटकणे, तोल सांभाळणे असे काम द्यावे आणि वजनाचा एकच गट सरांनी स्वतःसमोर ठेवावा. त्या गटातही जोड्या लावाव्यात. एक करेल, दुसरा पाहील. पाहणाऱ्याने तीनच गोष्टी सांगायच्या : टाचा टेकल्या का, पाठ सरळ आहे का, श्वास चालू आहे का. पाहणारा मुलगाही त्यातून शिकतो. गुण द्यायचे असतील तर वजनाला न देता पद्धतीला द्यावेत. तसे केले की पैजा आपोआप बंद होतात.

उठाबशा ही शिक्षा म्हणून देऊ नयेत. ज्या हालचालीची गोडी लावायची, तीच अपमान म्हणून वापरली तर मूल व्यायामाला दुरावते. आणि शेकडो उठाबशा खरोखर धोकादायक असतात.

पहिल्या दिवसाचा अतिरेक : हे जरूर वाचा

सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम अतोनात ताण पडला तर स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यातील मायोग्लोबिन हे द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करते. या आजाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. शेकडो बैठका, कडक ऊन आणि कमी पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो. एप्रिल-मे मध्ये नांदेड-लातूरचा पारा चाळिशीपार असतो, आणि नवी मुले जिममध्ये येतात तीही याच दिवसांत.

लक्षणे एक ते तीन दिवसांत दिसतात : सहन न होणारी वेदना, सुजलेले कडक स्नायू, हात किंवा पाय सरळ न होणे आणि चहा किंवा कोलासारखी गडद लघवी. लघवीचा रंग दिसण्याची वाट पाहत बसू नये. वेदना आणि सूज खूप असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रक्तातील सीके आणि क्रिएटिनिन या तपासण्यांनी निदान होते. वेळेत सलाइन मिळाले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून देऊ नयेत. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडांना आणखी इजा करू शकतात.

उन्हाळ्यात व्यायाम सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर करावा, आधी आणि मधूनमधून पाणी प्यावे. ताप, जुलाब किंवा कडक उपवास असेल त्या दिवशी सुट्टी घ्यावी.

मुलींनी करावे का?

करावे. मुलीचे शरीर पुरुषी होईल ही भीती निराधार आहे, कारण मोठे स्नायू तयार होण्यासाठी लागणारे टेस्टोस्टेरॉन मुलींमध्ये फार कमी असते. संकेत सरगरची धाकटी बहीण काजोल हिने २०२२ मध्ये पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात वेटलिफ्टिंगचे सुवर्णपदक जिंकले. मासिक पाळीत त्रास नसेल तर व्यायाम थांबवण्याचे कारण नाही. व्यायाम वाढवल्यावर पाळी तीन महिने बंद राहिली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक वेळा आहार कमी पडत असतो.

खायचे काय?

प्रोटीन पावडरची या वयात गरज नसते. क्रिएटिन १८ वर्षांखाली घेऊ नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. जिममधल्या कोणी "इंजेक्शन"चे नाव काढले तर त्या जिमची पायरी पुन्हा चढू नये. स्टेरॉइडमुळे ग्रोथ प्लेट वेळेआधी बंद होऊ शकतात. उंची खुंटवणारी खरी गोष्ट ही आहे.

नियमित व्यायाम करणाऱ्या ५० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने पुरतात. ती आपल्या घरात अशी मिळतात :

- ज्वारीच्या तीन भाकरी : सुमारे १५ ग्रॅम
- दोन ग्लास दूध : १२ ते १३ ग्रॅम
- दोन अंडी : सुमारे १२ ग्रॅम
- ५० ग्रॅम तूरडाळीचे वरण : सुमारे ११ ग्रॅम
- मूठभर शेंगदाणे : ७ ते ८ ग्रॅम
- वाटीभर दही : ३ ते ४ ग्रॅम

अंडी खात नसाल तर २५ ग्रॅम सुक्या सोया वड्यांतून तितकीच प्रथिने मिळतात. लातूरची बाजारपेठ डाळी आणि सोयाबीनसाठी ओळखली जाते, आणि तिथलेच मूल हजारो रुपयांचा डबा मागते! सोयाबीन कच्चे मात्र खाऊ नये, नीट शिजवून किंवा भाजून खावे. यासोबत रोज ८ ते १० तास झोप हवी. स्नायू दुरुस्त होतात ते झोपेत.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांचा गोळा ७.२६० किलोचा आणि मुलींचा ४ किलोचा असतो. जोडीला मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर धावणे असते. अकरावीपासून वर सांगितलेल्या हालचाली पक्क्या केल्या तर तयारीला पुरेसा वेळ मिळतो. जाहिरात आल्यावर दोन महिन्यांत सगळे उरकायला गेलेली मुले नडगी, खांदा आणि कंबर धरून आमच्याकडे येतात. गोळाफेकही आधी हलक्या गोळ्याने शिकावी.

जिम लावताना विचारायचे प्रश्न

- माझे मूल व्यायाम करते तेव्हा पूर्ण वेळ प्रशिक्षक जवळ असतो का?
- पहिल्या महिन्यात काय शिकवणार? उत्तर "चेस्ट डे, बायसेप्स डे" असेल तर दुसरी जिम पाहावी.
- दोन-अडीच किलोची डंबेल आणि लहान प्लेटा आहेत का?
- मूल बेंचवर झोपून वजन उचलते तेव्हा रॉड धरायला डोक्याशी कोणी उभे असते का?
- तुम्ही पावडर विकता का?

डॉक्टरांना कधी दाखवावे?

व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग दुखणे सामान्य आहे. पुढील गोष्टी सामान्य नाहीत :

- सांध्याजवळ किंवा हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येणारी वेदना
- दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी कंबरदुखी, विशेषतः मागे वाकल्यावर वाढणारी. या वयात मणक्याला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो.
- हातापायात मुंग्या किंवा कमजोरी
- सांध्याची सूज, किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना
- छातीत दुखणे, धडधड, शुद्ध हरपणे. अशा वेळी व्यायाम लगेच थांबवून दवाखाना गाठावा.
- गडद लघवी

तज्ज्ञांचा सल्ला लागल्यास नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अस्थिरोग आणि बालरोग विभाग आहेत.

शेवटी आई-वडिलांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी जिममधून घरी आली की "आज किती किलो उचललंस?" असे विचारू नका. "आज काय शिकलास?" असे विचारा. घरात जे विचारले जाते, तेच मूल मैदानावर मिरवते.

*ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. आपल्या मुलाला एखादा आजार किंवा जुनी दुखापत असेल तर व्यायाम सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.*